टाकीत लाकूड सोडण्याआधी त्याचं गाव विचारा

एप्रिलमध्ये खरड छाटणीची गडबड सुरू झाली की दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंतच्या वाटेवर बांधाबांधाला द्राक्षाच्या काड्यांचे ढीग पडतात. एखादी जुनी बाग मोडली असेल तर काड्यांच्या जोडीला वेलींची अख्खी खोडंही असतात. मनगटाएवढी जाड, पीळ पडलेली, साल सुटलेली. ज्याच्या घरात माशांची टाकी आहे, त्याचा पाय तिथून निघत नाही. दुकानात ड्रिफ्टवूडच्या एका बऱ्या तुकड्याला हजारभर रुपये मोजावे लागतात आणि इथे तसंच लाकूड चुलीत जायला निघालेलं असतं.

मीही थांबलो होतो. नात्यातल्याच एका बागेतून दोन खोडं आणली, तारेच्या ब्रशने घासली, तीन तास उकळली, आठवडाभर बादलीत भिजवली आणि टाकीत मांडली. टाकी पाहत राहावी अशी दिसू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी चेरी श्रिंप पाण्याच्या वरच्या कडेला गोळा झाले होते. तिसऱ्या दिवशी चाळीसपैकी एकही जिवंत नव्हता, आणि गोगलगाई शंखात मिटून तळाशी पडल्या होत्या. गप्पी मासे मात्र काही झालंच नाही असे पोहत होते. मासे जगतात आणि कोळंबी-गोगलगाई मरतात, तेव्हा पहिला संशय तांब्यावर घ्यायचा, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

द्राक्षबागेत तांबं कुठून येतं, हे नाशिकच्या कोणाही बागायतदाराला विचारा. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद, म्हणजेच तांब्याचा क्षार, आणि चुना. 1 टक्क्याचं मिश्रण करताना 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना घेतात. फ्रान्समधल्या बोर्डो भागात 1880 च्या दशकात द्राक्षाच्या डाऊनी रोगावर हा उपाय सापडला आणि तेव्हापासून तो जगभरच्या द्राक्षबागांत आहे. आपल्याकडे फवारणीखेरीज छाटणीनंतर खोडाला दाट बोर्डो पेस्ट लावायचीही रीत आहे. वर मिलीबग आणि खोडकिडीसाठी खोडावर कीटकनाशकं येतात, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लागतं. पंधरा वर्षं जगलेल्या वेलीच्या खोडात हे सगळं भेगाभेगांतून मुरलेलं असतं. शेतकऱ्याचं यात काहीच चुकत नाही, त्याला द्राक्ष पिकवायचं असतं. चूक माझी होती. त्या खोडाला पंधरा वर्षं काय काय पाजलंय, हे मी विचारलंच नाही.

या लेखात मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे. ‘उकळून घेतलं की झालं’ असं जो तो सांगतो. उकळल्याने बुरशी मरते, किडे मरतात, जंतू मरतात. तांबं मरत नाही. कित्येक कीटकनाशकंही पुरती निघत नाहीत. म्हणून सापडलेल्या लाकडाची तयारी चुलीपाशी सुरू होत नाही. ते कुठल्या झाडाचं, कुठे वाढलं, त्याच्यावर काय मारलं होतं आणि ते कुठल्या पाण्यातून आलं, या चौकशीपासून ती सुरू होते. उत्तर मिळत नसेल तर लाकूड कितीही देखणं असो, जिथे आहे तिथे राहू द्या.

आता गोदावरीकडे येऊ, कारण नाशिककराच्या मनात पहिली तीच येते. पूर ओसरला की घाटावर, पुलांच्या खांबांना, बंधाऱ्यांच्या तोंडाशी ओंडके आणि मुळं अडकून राहतात. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर चढलं, तेव्हा असं लाकूड जागोजाग साचलं होतं. वाहत्या पाण्यात लोळून आलेल्या लाकडाची साल गेलेली असते, भुसभुशीत भाग झडून कठीण गाभा उरतो, चीकही बराच धुऊन जातो. ड्रिफ्टवूडला किंमत असते ती याचसाठी. पण हे स्वच्छ पाण्याबद्दल झालं. शहरातून वाहणाऱ्या गोदावरीत आणि नासर्डीत सांडपाणी येतं, रामकुंडाच्या आसपास तेल-तूप, राख, निर्माल्य पडतं, आणि पुराच्या पाण्यात तर गॅरेजचं ऑइलसुद्धा असतं. लाकूड स्पंजासारखं हे सगळं पिऊन घेतं. रामकुंडापासून खाली तपोवन, टाकळीपर्यंतचं लाकूड मी हातातही घेत नाही.

कायद्याचीही बाजू आहे. भारतीय वन अधिनियम, 1927 मध्ये वाहून आलेल्या, काठाला लागलेल्या आणि बुडालेल्या इमारती लाकडासाठी कलम 45 आहे. मालकी सिद्ध होईपर्यंत असं लाकूड सरकारचं मानलं जातं. हातभर मुळासाठी कोणी तुमच्या दारात येईल असं नाही, पण राखीव जंगलातून आणि अभयारण्यातून काहीही उचलायचं नाही, एवढं पक्कं धरा. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य हे 2020 मध्ये जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. तिथल्या पाण्यात उभं असलेलं वाळकं खोड पाणकावळ्याची बसायची जागा असते. आपल्या टाकीपेक्षा त्याची गरज तिथे जास्त आहे.

मग आणायचं कुठून? माझ्या अनुभवात सर्वांत भरवशाचं लाकूड आपल्याच अंगणात किंवा शेजाऱ्याच्या परसात असतं. पेरू. नाशिकच्या जुन्या बंगल्यांत पेरूचं झाड नाही असं घर कमी. याचं लाकूड घट्ट, रेषा बारीक, फांद्या आपोआप वाकड्या, आणि सालीचे पापुद्रे झाड स्वतःच टाकत असतं. झाड म्हातारं झालं किंवा वादळात फांदी मोडली की मागून घ्या. विचारायचे प्रश्न दोनच: गेल्या काही वर्षांत फवारणी केली होती का आणि बुंध्याला वाळवीचं औषध घातलं होतं का. चिंचेचं आणि जांभळाचं मूळही उत्तम. बाभूळ टिकते खूप, पण तिच्यात टॅनिन भरपूर असतं. कातडी कमावायला तिची साल वापरतात ती त्यासाठीच. तेव्हा बाभळीचं पाणी महिनोन्‌महिने चहासारखं राहील, ही तयारी ठेवा. वखारीतही चांगले तुकडे मिळतात, मात्र तिथे झाडाचं नाव आणि गाव दोन्ही सांगणारा माणूस हवा.

काही झाडांच्या वाटेला जायचंच नाही. कण्हेर, बिट्टी, रुई, शेर, निवडुंग आणि एकूणच ज्या झाडाची फांदी मोडली की पांढरा चीक येतो ती सगळी वगळा. कडुलिंब, करंज आणि निलगिरी नको. चीड, देवदारासारखी राळ असलेली लाकडं नकोत; राळ उकळून जात नाही, उलट उष्णतेने वर येते. सह्याद्रीच्या पट्ट्यात गेळफळ ठेचून डोहात टाकून मासे धरायची जुनी रीत आहे. ज्या झाडाने माशांना गुंगी येते, ते झाड ओळखायला आपल्या आजोबांची पिढी चुकत नसे. आपल्याला त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडचं एखादं रानलाकूड नावानिशी ओळखता येत नसेल तर तिथल्या जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय ते वापरू नये.

तयार सामानातलं लाकूडही सोडा. सातपूर, अंबडच्या कारखान्यांबाहेर पॅलेटच्या फळ्या पडलेल्या असतात. परदेशी मालाच्या पॅलेटवर शिक्का असतो. त्यावर ‘एचटी’ असेल तर लाकूड फक्त तापवलेलं, ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला. पण ‘एचटी’ असलं तरी त्या फळीवर वाटेत काय सांडलं, ते शिक्का सांगत नाही. जुन्या नाशकातले वाडे पडतात तेव्हा निघणारे सागाचे वासे डोळ्यांत भरतात, त्यांत मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचं तेल, रंग आणि वाळवीचं औषध असतं. प्लायवूडचं तर नावच नको.

लाकूड ठरलं की वाळवणं, आणि इथेच लोक सर्वांत जास्त घाई करतात. ओल्या लाकडात रस असतो, साखर असते. ते तसंच पाण्यात गेलं की जिवाणूंना मेजवानी मिळते, पाणी गढूळ होतं, ऑक्सिजन संपतो. नाशिकची हवा या कामाला फार चांगली आहे. दिवाळीच्या सुमाराला फांदी कापली की कोरडी थंडी आणि मग उन्हाळा, दोन्ही मिळतात. बोटाएवढी फांदी एका उन्हाळ्यात वाळते. मनगटाएवढ्या खोडाला पूर्ण वर्ष द्यावं लागतं. गच्चीत विटांवर ठेवा, थेट फरशीवर नको, नाहीतर खालून दमट राहतं. पावसाळ्यात आत घ्या.

वाळलं की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, वजनाने कळतं. स्वयंपाकघरातला काटा घ्या आणि दर पंधरा दिवसांनी तोलून लाकडावरच पेन्सिलीने आकडा लिहा. माझं पेरूचं एक खोड दिवाळीला 1,420 ग्रॅम होतं. संक्रांतीला 1,060, होळीला 905, अक्षय्य तृतीयेला 870. पुढे महिनाभर आकडा हललाच नाही, तेव्हा मी ते कामाला घेतलं. वाळत असतानाच साल सुटू लागते. पटाशीने किंवा बोथट सुरीने ती सगळी काढा, खाचांतलीसुद्धा. साल पाण्यात आधी कुजते आणि तिच्याखाली घाण साचते. मग अंगठ्याचं नख दाबून पाहा. नख रुतलं तर तो भाग कुजलेला आहे, कठीण लाकूड लागेपर्यंत तासून टाका. बारीक गोल भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर आत किडा आहे. भोकं थोडी असतील तर उकळून चालेल, फार असतील तर सोडून द्या. टोकदार फुटवे कानशीने मोडा आणि पॉलिश पेपर फिरवा, कारण रात्री दचकून पळालेला मासा त्यावर आपटतो. साबण, डिटर्जंट, फिनेल यांचा थेंबही लाकडाला लागू देऊ नका. ब्लीचचा सल्लाही काही जण देतात, मी देणार नाही. जे लाकूड शोषून घेतं, ते कधी सोडेल याचा भरवसा नसतो.

उकळायचं भांडं स्टीलचं घ्या. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण मोठं भांडं म्हटलं की आपल्या घरात आजीचा तांब्याचा बंब, हंडा किंवा घंगाळ काढलं जातं. लाकडातून उतरणारं पाणी आम्ल असतं आणि ते तांबं विरघळवतं. मोरचूद टाळून आणलेलं लाकूड हंड्यात उकळलं तर आपण तेच विष हाताने घालतो. लाकूड गार पाण्यात ठेवून मगच गॅस लावा, उकळी आल्यावर तासभर ठेवा, पाणी ओता, नवं पाणी घ्या. असं तीन-चार वेळा. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं काळपट लाल येतं, चौथं फिकट पिवळं. झाकण नुसतं ठेवा, दाबून लावू नका. प्रेशर कुकर आणि ओव्हन नको. घरातल्यांनी भांड्याजवळून जाताना सांभाळावं, कारण लाकूड उकळीत एकदम कुशीवर वळतं आणि पाणी उडतं. दिवसचे दिवस उकळत बसण्यातही शहाणपण नाही. लाकडाचे तंतू सैल होतात आणि ते लवकर कुजतं. खोड भांड्यात मावत नसेल तर अर्धं अर्धं करून उलटसुलट उकळा, किंवा प्लास्टिकच्या जाड पिंपात ठेवून त्यावर उकळतं पाणी ओता आणि निवेपर्यंत झाकून ठेवा. हे दोन दिवसांतून एकदा, चार-पाच वेळा करा.

यानंतर भिजवणं. दोन आठवडे ते दीड महिना, लाकडाच्या जाडीप्रमाणे. वर वजन ठेवा म्हणजे पूर्ण बुडून राहील. पाणी दर तीन दिवसांनी बदला, आणि बादलीला झाकण किंवा जाड कापड बांधून ठेवा. स्वच्छ साचलेल्या पाण्यातच डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत तो उडायला तयार होतो. माशांच्या हौसेपायी गल्लीत ताप पसरता कामा नये.

भिजवण्याच्या शेवटच्या आठवड्यात पाणी न बदलता रोज त्याकडे पाहा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर लाकूड आतून कुजतंय, ते बाद. पृष्ठभागावर रंगीत तवंग दिसला तर काडीने मोडून बघा. काचेसारखे तुकडे झाले आणि वेगळे राहिले तर तो जिवाणूंचा पापुद्रा असतो, धुतला की जातो. काडी काढताच तवंग फिरून जुळला तर ते तेल आहे, आणि तेलाचं लाकूड पुन्हा किती उकळलं तरी टाकीच्या लायकीचं होत नाही. टाकीत श्रिंप असतील तर तांब्याची चाचणी करायचं किट विकत घ्याच. माशांच्या परजीवींवरच्या काही औषधांत तांबं असतं आणि त्यांच्या बाटलीवर कोळंबी-गोगलगाई आधी बाजूला काढा असं लिहिलेलं असतं. त्यावरून माशांना सोसणाऱ्या आणि कोळंबी-गोगलगाईंना न सोसणाऱ्या मात्रेतलं अंतर लक्षात येईल.

पेरूचं वाळलेलं लाकूड एवढं करूनही कधीकधी तरंगतंच. तेव्हा त्याला दगडाचं जोतं द्यावं लागतं. बहुतेक जण फरशीवाल्याकडून कडप्प्याचा किंवा शहाबादीचा तुकडा आणतात. दोन्ही चुनखडीचेच प्रकार, पाण्यात टाकले की कठीणपणा हळूहळू वाढवतात. नाशकात बोअरचं पाणी आधीच जड, त्यात ही भर नको. आपल्या पायाखालचा काळा पाषाण, म्हणजे बसॉल्ट, पाण्यात काही सोडत नाही. फक्त त्याच्या पोकळ्या तपासा. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या पोटात पांढरी, हिरवट स्फटिकं असतात. पांडवलेण्यांजवळच्या खाणीतून निघालेलं अपोफिलाइट जगभरचे संग्राहक ओळखतात. त्यांच्या संगतीला कॅल्साइट असू शकतं आणि ते चुन्याचं असतं. दगडावर लिंबू पिळा. फेस आला तर दुसरा दगड शोधा. सपाट दगडाला ड्रिलने भोक पाडून खालून स्टेनलेस स्टीलचा स्क्रू लाकडात बसवा. साधा लोखंडी स्क्रू गंजतो आणि पितळेच्या स्क्रूत तांबं असतं. ड्रिल नसेल तर मासेमारीची नायलॉनची दोरी पुरते. नुसतं वजन ठेवून टाकीत लाकूड दाबू नका. ते निसटून काचेवर आदळलं की एका रात्रीत घरभर पाणी होतं.

टाकीत ठेवल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी लाकडावर पांढरा, बुळबुळीत, कापसासारखा थर धरतो. याला घाबरून लोक लाकूड फेकून देतात. लाकडात उरलेली साखर खाणारे बुरशी-जिवाणू ते, आणि दोन-तीन आठवड्यांत खाणं संपलं की तेही संपतात. जुन्या टूथब्रशने घासा, पाणी बदलताना पाइपने ओढून घ्या. गोगलगाई आणि श्रिंप तर तो थर आवडीने चरतात. तोवर हवेचा पंप रात्रीही चालू ठेवा, कारण हा थरही ऑक्सिजन घेतो. मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर मात्र वाट पाहू नका: लाकूड बाहेर, तिसरा हिस्सा पाणी बदल, आणि पुन्हा भिजवणं.

पाणी पिवळसर होईल. ते टॅनिन आहे, त्याने माशाला त्रास होत नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली रिओ निग्रो नदी याच रंगाची आहे आणि दुकानात चकाकणारे कार्डिनल टेट्रा तिच्याच पाण्यातले. फायटरसारखे मासेही अशा पाण्यात सुखाने राहतात. रंग आवडत नसेल तर फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी ठेवा. टॅनिनने पाण्याचा पीएच थोडा उतरतो, पण जड पाण्यात तो फरक फारसा जाणवतही नाही. नळाचं पाणी वापरत असाल तर क्लोरीन नेहमीसारखं काढून घ्याच.

लाकूड स्थिरावलं की त्यावर ॲनुबियास किंवा जावा फर्न बांधा. सुती दोरा पुरतो; तो कुजेपर्यंत मुळं लाकूड धरतात. या वनस्पतींचं जाड आडवं खोड मात्र झाकू नका, झाकलं की ते सडतं. लाकूड खरवडून खाणारा मासा हवा असेल तर ब्रिसलनोज घ्या, बोटाएवढा राहतो. ‘टँक क्लीनर’ म्हणून मिळणारा साधा सकर घेऊ नका. तो फूटभर वाढतो, मग टाकीत मावत नाही, आणि माणूस त्याला गोदावरीत सोडून येतो. आपल्या नदीतल्या माशांची अंडी आणि जागा बळकावणारा हा परका मासा एकदा नदीत रुजला की काढता येत नाही.

पेरूचं चांगलं वाळवलेलं खोड माझ्या टाकीत पाचवं वर्ष चालू आहे. दर सहा महिन्यांनी मी ते नख लावून पाहतो. बारीक टोकं मऊ होऊन गळतात, ती काढून टाकतो. गाभा अजून कठीण आहे. त्याच्या खालच्या खोबणीत या पावसाळ्यात ब्रिसलनोजच्या जोडीने अंडी घातली. नर आठवडाभर तिथून हलला नाही, शेपटीने पाणी ढवळत अंड्यांवर बसून होता.